पर्यायी सोय कुठे आहे, ते दाखवा

काउन्सिलने अपंगांसाठीचं रेस्पाइट केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, की त्याला एक तक्ता जोडलेला असतो. त्याचं नाव इक्वॅलिटी इम्पॅक्ट असेसमेंट. डावीकडे वय, अपंगत्व, लिंग, वंश, धर्म अशी यादी. मधल्या रकान्यात ‘परिणाम प्रतिकूल, मध्यम स्वरूपाचा’. आणि उजवीकडे, हा परिणाम कमी करण्यासाठी काय करणार या मथळ्याखाली, हमखास भेटणारं एक वाक्य : ‘बाधित कुटुंबांना पर्यायी सेवांची माहिती दिली जाईल.’ बहुतेक पालक हा तक्ता उघडत नाहीत. उघडलाच तर सरकारी कागद म्हणून मिटतात. माझ्या मते खरी लढाई त्या उजवीकडच्या वाक्याशी आहे. ते वाक्य खरं आहे का, हे तपासता आलं तर अर्धं काम झालं.

हा लेख इंग्लंडमधल्या व्यवस्थेबद्दल आहे. वाचणाऱ्यांत कुणी पालक असतील, कुणी काउन्सिलात नोकरीला, कुणी निवडून आलेले, कुणी संस्थेचे ट्रस्टी. तक्ता भरणाऱ्याने आणि तो वाचणाऱ्याने विचारायचे प्रश्न एकच असतात, म्हणून दोघांसाठी वेगळं लिहीत नाही.

रेस्पाइट केंद्र म्हणजे मोजक्या खाटांचं घर. अपंग मूल किंवा प्रौढ व्यक्ती महिन्यातून काही रात्री तिथे राहते आणि घरचे त्या रात्री झोपतात. काही घरांत धाकट्या भावंडाला आईबाबा पूर्ण मिळण्याचा तो महिन्यातला एकमेव शनिवार असतो. मुलांच्या बाबतीत ही मेहेरबानी नाही. 2011 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे काउन्सिलने अपंग मुलांच्या पालकांसाठी दिवसाची, रात्रीची, शनिवार-रविवारची आणि सुटीतली अशी वेगवेगळी सोय शक्य तेवढी ठेवायची असते आणि ती काय आहे याचं निवेदनही प्रसिद्ध करायचं असतं. प्रौढांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी 2014 चा केअर अ‍ॅक्ट आहे.

आता समतेच्या कायद्याकडे येऊ. 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टचं 149 वं कलम 5 एप्रिल 2011 पासून लागू झालं. काउन्सिल असो, एनएचएसची संस्था असो की मंत्रालय, कोणताही निर्णय घेताना तीन गोष्टींची योग्य ती दखल घेतलीच पाहिजे असं ते कलम सांगतं : भेदभाव टाळणं, समान संधी वाढवणं, आणि वेगवेगळ्या समूहांत सलोखा राखणं. अपंगांबद्दल त्यात आणखी एक स्पष्ट गोष्ट आहे. त्यांच्या गरजा इतरांपेक्षा वेगळ्या असतात हे लक्षात घेऊन पावलं टाकायची, आणि त्यासाठी त्यांना झुकतं माप द्यावं लागलं तर तेही कायद्यात बसतं. ‘सगळ्याच सेवांना आम्ही सारखीच कात्री लावली’ हा बचाव म्हणूनच लंगडा पडतो.

गंमत अशी की इंग्लंडमध्ये तो तक्ता भरलाच पाहिजे असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. 2012 च्या नोव्हेंबरात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी उद्योजकांसमोरच्या भाषणात या तपासण्यांना आता पूर्णविराम देतो असं सांगूनही टाकलं होतं. पण कर्तव्य जागच्या जागी राहिलं. दखल घेतली याचा पुरावा काय, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर काहीतरी कागद पुढे करावाच लागतो, म्हणून तक्ता टिकून आहे. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये तर नियमांनीच परिणामांची तपासणी बंधनकारक केलेली आहे.

दखल घेणं म्हणजे काय, याचा मापदंड 2008 च्या एका खटल्यातून आला. तो खटला टपाल कार्यालयं बंद करण्याबद्दलचा होता आणि दावा करणारी बाजू हरली, तरी तेव्हा मांडलेली सूत्रं आजही प्रत्येक निकालात येतात. निर्णय घेणाऱ्याला या कर्तव्याची जाणीव हवी. दखल निर्णयाच्या आधी आणि निर्णय घेताना घ्यायची, नंतर मागाहून जोडायची नाही. मन मोकळं ठेवून, नेटाने घ्यायची. नुसत्या खुणा करून भागत नाही. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. ती एका दिवसात संपत नाही. आणि काय विचार केला याची नोंद ठेवावी. यातलं ‘आधी’ सगळ्यात महत्त्वाचं. म्हणून तक्ता हातात आला की पहिल्यांदा त्यावरची तारीख पाहा. अर्थसंकल्पात केंद्राची बचत आधीच धरलेली आणि तपासणी त्यानंतरची, असं दिसलं तर तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

आता त्या उजव्या रकान्याकडे. तपासणीत सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा असं मला वाटतं, म्हणून एक उदाहरण जरा बारकाईने घेऊ.

समजा चौदा वर्षांची मुलगी आहे. सेरेब्रल पाल्सी, फिट्स येतात, पोटाला ट्यूब. रात्री नऊला फीडचा पंप लावायचा. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर न्यायचं तर हॉइस्ट लागतो, आणि हॉइस्टला माणसं दोन लागतात. स्लिंग तिच्याच मापाची हवी. दुसऱ्याची चालत नाही. रात्रीतून तीन-चारदा कूस बदलून द्यायची, नाहीतर कमरेवर जखम होते. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर गालाच्या आत मिडाझोलॅम द्यायचं, आणि ते कधी, किती, नंतर अ‍ॅम्ब्युलन्स केव्हा बोलवायची, हे शिकलेलं माणूसच देऊ शकतं. केंद्रात छताला रुळावरचा हॉइस्ट आहे, रात्री जागी असलेली नर्स आहे, औषधाच्या तक्त्यावर दोन सह्या होतात. शुक्रवारी शाळेची गाडी तिला थेट तिथे सोडते आणि सोमवारी तिथूनच शाळेत नेते.

प्रस्तावात या मुलीसाठी पर्याय कोणता? बहुधा डायरेक्ट पेमेंट, म्हणजे पैसे घ्या आणि तुम्हीच माणूस नेमा. कागदावर छान दिसतं. पण फीडचा पंप आणि मिडाझोलॅम येणारं, रात्रभर जागं राहणारं माणूस त्या दरात मिळतं का? एकट्या माणसाने हॉइस्ट कसा चालवायचा? त्याला शिकवणार कोण, विमा कुणाचा? आणि समजा मिळालं, तरी मुलगी घरातच आहे. पंपाची घंटा भिंतीपलीकडे वाजते. आई उठतेच. म्हणजे तासांचा हिशेब जुळला आणि विसावा शून्य.

दुसरा पर्याय बहुधा शेजारच्या परगण्यातलं केंद्र. तिथे पोटाला ट्यूब असलेली मुलं घेतात का? खाट रिकामी आहे का, का यादी आहे? शाळेची गाडी तिथवर जाईल का, आणि सोमवारी सकाळी किती वाजता निघावं लागेल? तिसरा पर्याय असतो एखाद्या प्रशिक्षित कुटुंबाकडे रात्रीचा मुक्काम. फार चांगली कल्पना, पण त्यांच्या घरात खालच्या मजल्यावर झोपायची खोली, रुंद दारं आणि हॉइस्ट असेल तरच.

पर्याय म्हणून जे जे लिहिलं आहे, त्या प्रत्येकासमोर जागेचं नाव, आज उपलब्ध असलेल्या रात्री, रात्रीच्या नर्सची सोय, सुरू होण्याची तारीख आणि ज्यांनी होकार दिला त्यांचं पत्र मागा. हे नसेल तर तो रकाना कोरा आहे असंच धरावं. अधिकारी असाल तर तो तसाच कोरा ठेवून वरती पाठवण्याचं धाडस करा. ‘पर्याय सापडलेला नाही’ हे खरं वाक्य ‘माहिती दिली जाईल’ या गोड वाक्यापेक्षा न्यायालयात जास्त टिकतं.

मधल्या रकान्यातले आकडेही तपासायला हवेत. ‘केंद्राचा वापर कमी आहे’ हा मुद्दा जवळपास प्रत्येक प्रस्तावात असतो. खाटा रिकाम्या का राहिल्या ते विचारा. पुष्कळदा दीड-दोन वर्षं आधीपासून नवीन मुलं घेणं थांबवलेलं असतं, सोडून गेलेल्या नर्सच्या जागा भरलेल्या नसतात, आणि त्याचा परिणाम म्हणून आलेली रिकामी खाट पुढे कारण म्हणून दाखवली जाते. तसंच, किती कुटुंबं वापरतात यापेक्षा कोण किती रात्री वापरतं हे मागा. तीस कुटुंबांची सरासरी काढली तर नुकसान सौम्य दिसतं; त्यातल्या पाच-सहा घरांनी निम्म्याहून अधिक रात्री घेतलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच घरांतल्या मुलांना दुसरीकडे कुणी घेत नाही.

यावरून एका फसव्या युक्तिवादाकडे यावं लागतं : ‘सेवा घेणारे सगळेच अपंग आहेत, सेवा सगळ्यांचीच जाते आहे, तेव्हा भेदभाव कुठे आहे?’ अपंगत्व हा एकसारखा गठ्ठा नाही. सुटीतल्या क्लबला जाऊ शकणाऱ्या मुलाला पर्याय लवकर सापडतो. ऑटिझम असलेला, रागात काच फोडणारा सोळा वर्षांचा मुलगा, किंवा वर सांगितलेली मुलगी, यांना तो सापडत नाही. तपासणीत अपंगत्वाच्या ओळीखाली किमान चार-पाच उपओळी हव्यात : नर्सिंगची गरज असणारे, दोन माणसं लागणारे, वागणुकीमुळे इतर ठिकाणांहून नाकारले गेलेले, बोलू न शकणारे. त्या नसतील तर तक्ता भरणाऱ्याने मुलं पाहिलीच नाहीत.

काळजी घेणाऱ्यांचं काय? इक्वॅलिटी अ‍ॅक्टच्या नऊ संरक्षित वैशिष्ट्यांत ‘केअरर’ हे वैशिष्ट्य नाही, आणि पुष्कळ तपासण्या एवढ्यावर हात झटकतात. पण 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 50 लाख लोकांनी आपण बिनपगारी काळजी घेतो असं सांगितलं, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. तेव्हा रेस्पाइट बंद होण्याचा परिणाम लिंगाच्या ओळीत लिहावाच लागतो : किती आया नोकरी सोडतील, किती जणींची रात्रपाळी जाईल. शिवाय अपंग मुलामुळे आईला नोकरीत त्रास दिला तर तोही अपंगत्वावरून झालेला भेदभाव असतो, हे लंडनमधल्या एका वकिली फर्मच्या सेक्रेटरीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2008 साली सांगितलं, आणि ते पुढे ब्रिटिश कायद्यात आलं. उत्तर आयर्लंड या बाबतीत शहाणं आहे. तिथला कायदा वेगळा, 1998 चा, आणि त्याच्या 75 व्या कलमात ज्यांच्यावर कुणी अवलंबून आहे अशा व्यक्तींचा वर्गच आहे.

वयाच्या ओळीत दोन टोकं पाहावी. अठरावं वर्ष लागलं की मुलांची सेवा संपते आणि प्रौढांची सुरू व्हायला वेळ लागतो. त्याच वर्षी केंद्र गेलं तर मूल दोन्हीकडून सुटतं. दुसरं टोक म्हणजे पंच्याहत्तरीतले आईवडील आणि डाउन सिंड्रोम असलेला पन्नाशीचा मुलगा. तिथे रेस्पाइट गेलं तर पुढची घटना बहुधा वडिलांचं पडणं आणि मुलाची रातोरात कुठल्यातरी अनोळखी होममध्ये रवानगी ही असते. बचतीच्या आकड्यात हा खर्च क्वचितच धरलेला असतो. तो धरायला लावा.

वंश आणि धर्माची ओळ बहुतेक वेळा ‘परिणाम नाही’ म्हणून संपते. भारतीय घरांसाठी ते खरं नसतं. मुलीची आंघोळ बाईनेच घालावी, ताटात गोमांस येऊ नये, पहाटे रडली तर तिला कळणाऱ्या चार शब्दांत समजवावं, हे जुन्या केंद्रातली माणसं वर्षानुवर्षांत शिकलेली असतात. नवीन ठिकाणी ते शून्यापासून. आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना वेगळी सांगायला हवी. ‘घरात आजी-आजोबा आहेत’ हे असेसमेंटमध्ये ‘विस्तारित कुटुंबाचा आधार उपलब्ध’ असं लिहिलं जातं. ते सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेले असतात, सत्तरी उलटलेली असते, हॉइस्टला हातही लावत नाहीत, हे कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. आपल्याकडे ‘आमचं आम्ही बघतो’ म्हणण्याची सवय आहे. त्या सवयीची नोंद तक्त्यात ‘या समूहाकडून कोणतीही हरकत आली नाही’ अशी होते.

केंद्रात काम करणाऱ्यांवरचा परिणामही त्याच तपासणीत यायला हवा. नोकऱ्या कुणाच्या जाणार, त्यात बायका किती, स्थलांतरित किती. याबद्दल कामगार संघटना सहसा जागरूक असतात, त्यामुळे इथे थांबत नाही.

सल्लामसलतीबद्दल मात्र थांबायला हवं. 1985 च्या एका खटल्यापासून चार कसोट्या ठरलेल्या आहेत : मत बनायच्या आधी विचारा, लोकांना समजून उत्तर देता येईल एवढी कारणं द्या, पुरेसा वेळ द्या, आणि आलेल्या उत्तरांचा प्रामाणिकपणे विचार करा. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने हॅरिंगे काउन्सिलच्या प्रकरणात सांगितलं की जे पर्याय सोडून दिले त्यांचीही लोकांना कल्पना द्यायला हवी होती. ते प्रकरण काउन्सिल टॅक्समधल्या सवलतीचं होतं, पण मुद्दा रेस्पाइटला तंतोतंत लागू पडतो. ‘बंद करू की कमी रात्री चालवू की दोन काउन्सिल मिळून चालवू’ हे विचारलं होतं का? की ‘बंद झाल्यावर तुम्हाला कोणती मदत लागेल’ एवढंच?

आणि विचारलं कुणाला? नुसत्या ऑनलाइन प्रश्नावलीतून बोलू न शकणाऱ्या मुलाचं मत येत नाही. ते काढायचं तर चित्रं लागतात, त्याला ओळखणाऱ्या नर्सला आणि शाळेतल्या शिक्षिकेला विचारावं लागतं, केंद्रातल्या दोन-तीन भेटींत तो कसा असतो ते पाहावं लागतं. पालकांची सभा संध्याकाळी साडेसहाला ठेवली आणि मुलांना सांभाळायची सोय केली नाही, तर ज्यांना रेस्पाइटची सर्वांत जास्त गरज आहे तीच घरं गैरहजर राहणार. किती पत्रं पाठवली यापेक्षा कुठल्या गटातून किती उत्तरं आली, हा आकडा अहवालात शोधावा.

न्यायालयात या गोष्टी कशा उतरतात, याची तीन प्रकरणं सांगतो.

वेस्ट बर्कशायर काउन्सिलने अपंग मुलांसाठी शॉर्ट ब्रेक, म्हणजे रेस्पाइटसारखी सोय, चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचा निधी कापला. 2016 साली उच्च न्यायालयाने तो निर्णय बेकायदेशीर ठरवला. मतदान करणाऱ्या सभासदांपुढे कायद्याने विचारायला हवे ते नेमके प्रश्न मांडलेच गेले नव्हते. नगरसेवक असाल तर हे लक्षात ठेवा : तक्ता फाइलला जोडलेला होता एवढं पुरत नाही, तो तुमच्या डोळ्यांखालून गेला पाहिजे.

दुसरं प्रकरण इंडिपेंडंट लिव्हिंग फंडाचं. गंभीर अपंगत्व असलेल्यांना स्वतःच्या घरी राहता यावं म्हणून हा निधी होता. तो बंद करायचा निर्णय अपील न्यायालयाने 2013 च्या नोव्हेंबरात रद्द केला. लोकांनी सल्लामसलतीत काय भोगावं लागेल ते पोटतिडकीने लिहिलं होतं, पण त्याची धार मंत्र्यांपुढे ठेवलेल्या टिपणात उतरलीच नव्हती. मग सरकारने नीट कागद करून तोच निर्णय पुन्हा घेतला, दुसरा दावा फेटाळला गेला, आणि 30 जून 2015 ला निधी बंद झाला.

तिसरं प्रकरण आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचं. हार्टफर्डशायरमध्ये वॉटफर्डला नॅस्कॉट लॉन हे केंद्र होतं. गुंतागुंतीच्या वैद्यकीय गरजा असलेली मुलं तिथे रात्री राहत. त्याचा पैसा हर्ट्स व्हॅलीज क्लिनिकल कमिशनिंग ग्रुप, म्हणजे स्थानिक एनएचएस संस्था, देत होती. ही आरोग्यसेवा नाही, ही समाजसेवा, तेव्हा हे आमचं काम नाही, अशी भूमिका घेऊन तिने 2017 साली निधी काढून घेण्याचा निर्णय घेतला. पालक न्यायालयात गेले. 2018 च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती मॉस्टिन यांनी सांगितलं की ही आरोग्यसेवाच आहे, आणि असा बदल करण्यापूर्वी काउन्सिलचा रीतसर सल्ला घ्यायला हवा होता. निर्णय तिथे अडला. तरी पुढे केंद्र बंद झालंच. एनएचएस आणि काउन्सिल यांच्या मधल्या फटीत सेवा पडू नये म्हणून पालकांनी पहिल्याच पत्रात दोन्हीकडे विचारावं, हा या प्रकरणाचा उपयोग. कमिशनिंग ग्रुप 2022 साली गेले, त्यांच्या जागी इंटिग्रेटेड केअर बोर्ड आले, पण फट आहे तिथेच आहे.

मग खटला जिंकून मिळतं काय? न्यायालय काउन्सिलच्या जागी बसून निर्णय घेत नाही. दखल घेतली का, एवढंच पाहतं; घेऊनही बंद केलं तर ते कायदेशीर ठरू शकतं. पैसा नाही हे कारण खोटं असतं असंही नाही. 2023 च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅम काउन्सिलने आपला ताळमेळ बसत नाही अशी कायद्याने द्यायची नोटीस देऊन टाकली. म्हणून ‘केंद्र वाचवा’ ही एकच मागणी धरून बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विजय बहुतेक वेळा इमारत वाचवत नाही. तो महिने मिळवून देतो. त्या महिन्यांत प्रत्येक मुलाच्या नावासमोर खरी पर्यायी सोय लिहून घेणं, ती सुरू झाल्याशिवाय जुनं केंद्र बंद न करण्याचं लेखी आश्वासन घेणं, हे जास्त मोलाचं.

त्यासाठी पालकांनी काय करावं? दोन आठवडे रात्रीची वही ठेवा. किती वाजता उठलात, कशासाठी, परत कधी झोपलात. भावनेने भरलेल्या चार पानांपेक्षा ही वही सल्लामसलतीत भारी पडते, कारण ती अहवालात जशीच्या तशी जोडता येते. मुलाच्या गरजांचं आणि तुमच्या स्वतःच्या गरजांचं असेसमेंट लेखी मागा; पालकांना तो हक्क 2014 च्या चिल्ड्रेन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टने दिला आहे. रेफरल कधी थांबवले, रिकाम्या जागा किती, पर्यायी केंद्रांशी काय पत्रव्यवहार झाला, हे माहिती अधिकारात विचारा. साधारण 20 कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच वर्षी डे सेंटर, वाहतूक आणि घरच्या मदतीवरही कात्री चालली असेल तर सगळ्याचा एकत्र परिणाम तपासला का, हेही विचारा. एकेक कपात सोसण्यासारखी दिसते, चारही एकाच घरात येतात. निर्णय झाल्यावरही कर्तव्य चालू असतं, तेव्हा सहा महिन्यांनी कुणाला काय मिळालं याचा आढावा घेण्याची तारीख ठरावातच घालायला लावा. आणि आपल्या महाराष्ट्र मंडळात हा विषय काढा. एका घराने लिहिलं तर ते ‘वैयक्तिक प्रकरण’ होतं; त्याच परिसरातल्या सात भारतीय घरांनी लिहिलं तर वंशाच्या ओळीत ‘परिणाम नाही’ असं लिहिणं अवघड जातं.

महाराष्ट्रातले वाचक विचारतील, आमच्याकडे असं काही कलम आहे का? तसंच नाही. पण संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार भारताने 2007 साली, ब्रिटनच्याही आधी, मान्य केला आहे, आणि त्याच्या 28 व्या कलमात गरीब अपंग कुटुंबांना द्यायच्या सरकारी मदतीत रेस्पाइट केअरचा नावाने उल्लेख आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोठ्या आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. नॅशनल ट्रस्टची समर्थ योजना अशाच विसाव्यासाठी आहे. अनुदान थांबून एखादं निवासी केंद्र बंद होत असेल तर ‘या मुलांना कुठल्या तारखेपासून कुठे ठेवणार’ हा प्रश्न पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयालाही लेखी विचारता येतो. इंग्लंडचा तक्ता नसला तरी प्रश्न उसने घ्यायला काही हरकत नाही.

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी शेवटची आणि सगळ्यात तातडीची गोष्ट. न्यायालयात दाद मागायची तर विनाविलंब मागावी लागते, आणि जास्तीत जास्त मुदत तीन महिन्यांची. ती निर्णयाच्या दिवसापासून मोजावी, पत्र हातात पडलं त्या दिवसापासून नव्हे. तेव्हा काउन्सिलच्या कॅबिनेटची बैठक कुठल्या तारखेला झाली ते आजच पाहून कॅलेंडरवर लिहा, आणि वकिलाला पहिला फोन त्याच आठवड्यात करा.